नागपूरजवळच्या बेसा भागात नोंदणीकृत खरेदीखतानं घेतलेला प्लॉट माझ्या नावावर, पण त्यात शेजाऱ्याचं कुंपण दहा वर्षांपासून आहे. जागा कोणाची?

आज तरी तुमचीच. नोंदणीकृत खरेदीखत तुमच्याकडे आहे आणि नुसत्या ताब्यानं मालकी जात नाही. पण थांबू नका! १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तो ताबा उघड, सलग आणि तुमचा हक्क नाकारून १२ वर्षं टिकला, तर दावा लावण्याचा तुमचा हक्कच संपतो. नोटीस किंवा पोलीस तक्रारीनं ही मुदत थांबत नाही. नागपूरच्या दिवाणी न्यायालयात मालकी जाहीर करून ताबा मिळण्याचा दावा लावा, त्याआधी सरकारी मोजणी करून घ्या. सातबारा किंवा आखीव पत्रिकेवरच (प्रॉपर्टी कार्डवरच) विसंबू नका, त्या नोंदींनी मालकी ठरत नाही. तुम्हीच शेजाऱ्याला जागा वापरायला दिली असेल, तर तुमची बाजू आणखी भक्कम. परवानगीचा ताबा विरोधी, म्हणजे तुमचा हक्क नाकारणारा, ठरत नाही.