खोऱ्यातले शेतकरी सगळीकडे एकच चांगला भात का लावत नाहीत?

सह्याद्रीच्या खोऱ्यांत एवढा पाऊस पडतो, मग तिथले शेतकरी जुन्या जाती सोडून बाजारात भाव मिळणारा एकच भात सगळीकडे का लावत नाहीत, बदलत्या हवामानाशी ते जुळवून तरी कसं घेतात, असं तुम्ही विचारलंय. पहिला प्रश्न मी आमच्याच घरात वर्षानुवर्षं ऐकतेय, म्हणून लिहितेय.

आमची शेती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, घोड नदीच्या खोऱ्यात. खाली ओढ्याकाठची खाचरं, त्यांच्यावर पायरीपायरीनं चढत गेलेली वरची खाचरं, आणि त्याहून वर उतारावर नाचणी-वरईचं वरकस. ओढ्याकाठी पाऊस गेल्यावरही बरेच दिवस ओल टिकते. वरच्या खाचरांत वीतभर मातीखाली मुरूम लागतो, आठवडाभर उघडीप पडली की भेगा. म्हणून खाली गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात, आणि वर हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं. दोघांच्या कापणीत महिन्याभराचं अंतर पडतं, आणि तो महिना पाऊस साथ देईल की नाही हे जूनमध्ये कोणालाच सांगता येत नाही.

माझे मोठे दीर पुण्यात नोकरीला. वरची निम्मी खाचरं त्यांच्या वाटणीची, पण कसतो आम्हीच. त्यांचा एकच धोशा: "सगळीकडे इंद्रायणी लावा, घरच्या हळव्याला कोण विचारतंय?" इंद्रायणीला मी नावं ठेवणार नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रानं 1987 साली दिलेली, आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातली ही जात. वास आहे, उतारा आहे, गिऱ्हाईक आहे. आम्हीही खाली तीच लावतो. पण तिला पाण्याच्या जागेवर लावायचं असतं.

2018 च्या जूनमध्ये भाऊजी बी घेऊनच आले. त्यांच्या वरच्या खाचरांत इंद्रायणी, शेजारच्या आमच्या खाचरांत सासूबाईंच्या कणगीतलं, म्हणजे घरी साठवलेल्या बियाचं हळवं. मधे फक्त बांध. लावणी एकाच आठवड्यात, सावडीच्या, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींच्या शेतात राबणाऱ्या, त्याच बायकांनी केली. ऑगस्टपर्यंत त्यांचंच पीक देखणं होतं आणि येणारा-जाणारा मला तसं ऐकवून जायचा. मग सप्टेंबरात पावसानं पाठ फिरवली. आमचं हळवं तोवर निसवून दाण्यात आलं होतं. त्यांचं पोटरीतच होतं, लोंबी अजून बाहेर पडायची होती. खालचं पाणी उपसून वर न्यावं, तर ओढा तोवर नुसता झिरपत होता. लोंब्या बाहेर पडल्या त्या पांढऱ्याच. झोडपताना दाण्यापेक्षा पोचट जास्त उडालं. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या खाचरांतलं भात तोवर घरात येऊन पडलं होतं.

भाऊजी म्हणाले, "एखादं वर्ष असतं तसं." पुढच्याच वर्षी, 2019 ला, ऑक्टोबरभर पाऊस उघडला नाही. आमच्या हळव्याची कडपं, म्हणजे कापून पसरलेलं भात, खाचरात भिजली, दाण्याला कोंब फुटले. खालची इंद्रायणी अजून उभी होती, ती बऱ्यापैकी वाचली. तेव्हा त्यांचा फोन आला, "आता बोल." मी तेव्हाही हेच बोलले आणि आजही हेच बोलते: एका वर्षी वरच्यानं तारलं, दुसऱ्या वर्षी खालच्यानं. सगळं एकच लावलं असतं तर दोनांतलं एक वर्ष घर पूर्ण रिकामं राहिलं असतं. तुम्ही ज्याला मागासपणा समजता, ते हवामानाशी जुळवून घेणंच आहे.

बाकीचं थोडक्यात. पाऊस लांबला किंवा रोपं वाया गेली तर मोड आलेलं बी थेट चिखलात फेकतात, त्याला कोकणात रहू म्हणतात. रोपांच्या जागेवर फांद्या-पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. राब भाजल्यानं तणाचं बी मरतं आणि माती भुसभुशीत होऊन रोप मुळासकट उपटतं. पण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, म्हणून आम्ही आता रोपांसाठी गादीवाफा, म्हणजे उंच वाफा, करून त्यात तुसाची राख मिसळतो. डॉ. ना. कृ. सावंतांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतलं हे एक सूत्र. भाताचा पैसा पुरत नाही तेव्हा बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी वाळवलेली फळं, हात देतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ती झाडंही मोडली, आणि हिरड्याची झाडं एका पावसाळ्यात उभी राहत नाहीत. पडकईनं उतारावर नवी खाचरं काढणं हाही जुना मार्ग. 30 जुलै 2014 ला दरड कोसळून आमच्याच तालुक्यातलं माळीण गाव गाडलं गेलं तेव्हा काहींनी पडकईवरच बोट ठेवलं. मला विचाराल तर सावडीनं दगड रचून घातलेली ताल, म्हणजे दगडी बांध, वेगळी आणि यंत्रानं तीव्र उतार कापणं वेगळं. दोन्हींना एका नावानं हाक मारू नये. अर्थात मी भूगर्भातली जाणकार नाही.

हेही सांगायला हवं की मी सांगितलं ते घोड खोऱ्याचं. मावळात किंवा भोरला माती आणि पाऊस वेगळा, तिथलं तिथल्यांना विचारा. ज्यांच्याकडे नुसती ओढ्याकाठची खाचरं आहेत त्यांनी खुशाल सगळी इंद्रायणी लावावी.

तुमची स्वतःची जमीन असेल आणि कसणारं दुसरं कोणी असेल, तर जूनमध्ये बी घेऊन जाऊ नका. सप्टेंबरात जा, वरच्या खाचरात उभं राहून ओल किती खोल आहे ते बघा, मग जात ठरवा. आणि हळव्याचं घरचं बी दरवर्षी राखून ठेवायला सांगा. दुकानात कर्जत 184 सारखं हळवं मिळतं, पण सासूबाईंच्या कणगीतलं मिळत नाही. आमच्याकडे ते अजून आहे, आणि भाऊजींच्या खाचरांतही आता तेच लागतं. त्यांनी तसं कबूल केलेलं नाही, फक्त बी आणणं थांबवलंय.