हेडफोनवर ऐकणाऱ्याने घरासाठी कोणते स्पीकर घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागला फ्लॅट, १० बाय १२ ची खोली, आजवरचं सगळं ऐकणं सेनहायझरच्या एचडी ६५० हेडफोनवर, बजेट चाळीस हजार. हेडफोनवाल्या मंडळींना घरच्या स्पीकरमध्ये काय आवडतं, आणि त्यातलं आपल्या खोलीत काय चालेल?

उत्तर आधी देतो. पाच ते साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर देणारा मोठा ड्रायव्हर), अॅम्प आतच असलेले स्टुडिओ मॉनिटर (रेकॉर्डिंगवाले कामासाठी वापरतात ते स्पीकर) घ्या आणि ते तीन फुटांवरून ऐका. काली एलपी-६ ची दुसरी आवृत्ती किंवा जेबीएल ३०५पी मार्क टू. जेबीएल सहसा स्वस्त पडतो, काली बजेटच्या काठावर जातो. मी काली घेईन. कमरेएवढे टॉवर या खोलीत नकोत. आपल्याकडे गणपतीत डॉल्बी ऐकून मोठा डबा म्हणजे मोठा आवाज हे डोक्यात बसलेलं असतं, पण १२० चौरस फुटांत मोठा डबा फक्त घुमतो.

जवळूनच का, तर हेडफोनमध्ये खोली नसते. ड्रायव्हरमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्यातून, निघालेला आवाज थेट कानात जातो, म्हणून तबल्याच्या चाटेवरचं बोट आणि गायकाचा श्वास इतका स्वच्छ कळतो. स्पीकर आठ फुटांवर ठेवलात की भिंती, फरशी, स्लॅब यांवरून परतलेला आवाज थेट आवाजाच्या बरोबरीला येतो आणि तुम्ही म्हणणार, "एचडी ६५० मध्ये होतं ते यात नाही." स्पीकरमध्ये ते असतं, खोली ते पुसते. तीन फुटांवर थेट आवाजाचं पारडं जड राहतं. गंमत म्हणजे हेडफोनवाले ज्या हरमन कर्व्हवर (हेडफोनने कोणते सूर किती जोराने द्यावेत याचा नमुना आलेख) वाद घालतात, तो मुळात चांगल्या खोलीतला चांगला स्पीकर कानाशी कसा पोहोचतो यावरूनच काढलेला आहे. सरळ रिस्पॉन्सचा, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने देणारा, मॉनिटर नीट मांडला तर तो तुम्हाला परका वाटणार नाही.

हेडफोनवाल्यांच्या आवडी त्यांच्या हेडफोनवरून बऱ्यापैकी ओळखता येतात. एचडी ६०० आणि ६५० वाले केईएफ एलएस५० मेटाकडे वळतात. त्यात ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा ड्रायव्हर) वूफरच्या मध्यभागी बसवलेला असतो, त्यामुळे दोन्हींचा आवाज एकाच बिंदूतून येतो आणि जवळ बसूनही तुकडे पडत नाहीत. पण त्याला वेगळा, ताकदीचा अॅम्प लागतो (सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत निघणारा आवाज, ८५ डीबी; इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, साडेतीन ओहमपर्यंत खाली येतो), म्हणजे बजेट कुठल्या कुठे. प्लेनर (पातळ सपाट पडद्याच्या) हेडफोनवाल्यांना मॅग्नेपॅनचे पडद्यासारखे स्पीकर खुणावतात. ते मागेही तितकाच आवाज टाकतात, त्यांना मागच्या भिंतीपासून तीनेक फूट मोकळी जागा द्यावी लागते, तुमच्या खोलीत विषय संपला. बजेट वाढलं तर जेनेलेक ८०३०सी. पाच इंची, पाच किलोचा ॲल्युमिनियमचा डबा. तीन फुटांवरून ऐकायला याच्याइतका बिनतक्रार स्पीकर कमीच. यामाहा एचएस५ दुकानात लगेच मिळतो, पण बेस कमी आणि वरचा मध्यभाग पुढे येतो. एचडी ६५० च्या मवाळ आवाजाला सरावलेल्या कानाला तो टोचतो.

आता काली का. एक, त्याचं पोर्ट (डब्यातली हवा आत-बाहेर करणारं भोक) पुढच्या बाजूला आहे, जेबीएलचं मागे. दोन, मागे छोटे स्विच आहेत, स्पीकर टेबलावर आहे की स्टँडवर की भिंतीला लागून, त्यानुसार बेस कमी करता येतो. तीन, त्याला आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांचं) इनपुट आहे, त्यामुळे तुमच्या डॅकची (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणाऱ्या डबीची) साधी वायर चालते. चार, सळसळ. हे चौथं हेडफोनवाल्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं. अॅक्टिव्ह मॉनिटरच्या ट्वीटरमधून काही वाजत नसतानाही बारीक 'सूंss' येत राहतं. ३०५पी चं रात्री पंखा बंद केला की तीन फुटांवरून ऐकू येतं. काहींना त्याचं काही वाटत नाही, पण हेडफोनच्या शांततेची सवय असेल तर चैन पडत नाही. कालीच्या पहिल्या आवृत्तीतही ही तक्रार होती, दुसरीत ती बरीच कमी केली आहे. म्हणून जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून पहिली आवृत्ती उचलू नका.

मांडणीला मात्र वेळ द्या, निम्मा आवाज तिथे आहे. १० फुटांच्या भिंतीकडे पाठ करून स्पीकर ठेवा, म्हणजे आवाज १२ फुटांच्या दिशेने जाईल. दोन ट्वीटरमध्ये तीन फूट, प्रत्येक ट्वीटरपासून कानापर्यंत तीन फूट. स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून पावणेदोन फुटांवर आलं की तुमचं डोकं त्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आतबाहेर येतं. खोलीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सहा फुटांवर, बसू नका. १२ फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झची लाट उभी राहते आणि तिचा जोर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तिथे बसून बेस नाही म्हणून लोक सबवूफर विकत आणतात.

हे आकडे तुम्हालाही काढता येतील: ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर ४७. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६. तुमच्या स्लॅबची उंचीही दहा फूट असेल तर रुंदी आणि उंची दोन्ही ५६ वर एकत्र येतात. तुमच्या खोलीची खरी दुखरी जागा तीच.

दुसरा खड्डा मागच्या भिंतीमुळे पडतो. वूफरपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने ३४४ ला भागलं की कोणता सूर गळतो ते कळतं. पावणेदोन फुटांवर तो १६० हर्ट्झच्या आसपास येतो, पुरुषी आवाजाच्या भरदारपणाच्या जागी. आवाज पोकळ वाटला तर स्पीकर भिंतीकडे सरकवा. एक फुटावर आणलं की खड्डा २८० च्या घरात जातो आणि बेस वाढतो. मग मागचा स्विच वापरून तो बेस उतरवा. सहा-सहा इंचांनी सरकवून ऐका. हे काम दोघांनी करायचं, एक बसणारा, एक सरकवणारा.

ट्वीटर कानाच्या रेषेत हवा. खुर्चीत बसल्यावर कान जमिनीपासून साडेतीन ते पावणेचार फुटांवर असतो. कालीची उंची चौदा इंच, ट्वीटर वरच्या बाजूला, म्हणून स्टँड बत्तीस ते चौतीस इंचांचा लागेल. टेबलावर ठेवलेत तर टेबलाच्या पृष्ठभागावरून आपटलेला आवाज मधले सूर डब्यातून आल्यासारखे करतो. तयार स्टँड महाग पडतात. कुपवाड एमआयडीसीतल्या किंवा घराजवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन इंची चौकोनी पाईप, खाली बारा बाय बारा इंचांची आणि वर आठ बाय नऊ इंचांची प्लेट, असं वेल्ड करून घ्या. वरच्या प्लेटला पाईपच्या तोंडाशी भोक ठेवायला सांगा, तिथून वाळू भरायची. वाळू चाळून दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवा, ओली भरलीत तर पाईप आतून गंजतो. पाऊण पाईप भरला की पुरे. बोटाने टिचकी मारून बघा, आधी घंटेसारखा वाजणारा पाईप मग नुसता 'ठक' करतो. स्पीकर आणि प्लेटच्या मध्ये रबरी मॅट.

भिंतींसाठी आरशाची युक्ती. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. जिथे तुम्हाला ट्वीटर दिसेल तिथून पहिला परतीचा आवाज येतो. दोन्ही भिंतींवर त्या जागी काहीतरी जाड लावा. घोंगडी किंवा पडद्याने फक्त अगदी वरचे सूर दबतात. कापूस भरलेली चार इंची जुनी गादी उभी करून ठेवली तर मधल्या सुरांपर्यंत खाली काम होतं. दिसायला बरं हवं असेल तर दोन इंची रॉकवूल (दगडी लोकर), घनमीटरला ४८ किलो घनतेचा, सुती कापडात शिवून भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. थर्माकोल आणि अंड्याच्या ट्रेवर पैसे घालवू नका.

वायरिंगमधली एक चूक नेहमी होते. हेडफोनच्या साडेतीन एमएम स्टीरिओ जॅकमधून एकच एक्सएलआर (माइकसारखी तीन पिनांची) किंवा टीआरएस (तीन भागांच्या जाड पिनेची) वायर मॉनिटरला लावली की गायकाचा आवाज गायब होतो आणि मागचे वाद्यवृंदाचे तुकडे तेवढे राहतात. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक ऐकतो, आणि गायक डावी-उजवीकडे सारखाच असतो, म्हणून तो वजा होतो. साडेतीन एमएमवरून दोन वेगळी टोकं निघणारी वायर घ्या, एक डाव्या स्पीकरला, एक उजव्याला. आणि हेडफोनसाठी लॅपटॉपमध्ये लावलेली ईक्यू (सूर कमी-जास्त करणारी) प्रोफाइल बंद करा. एचडी ६५० ची बेस उचलणारी दुरुस्ती स्पीकरवर चालू राहिली तर दोष स्पीकरला जातो.

भुणभुण आली तर पहिल्यांदा लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर आवाज थांबला तर तो अर्थिंगचा फेरा आहे: चार्जरची अर्थ आणि स्पीकरची अर्थ वेगवेगळ्या वाटेने जमिनीत जातात आणि सिग्नलच्या वायरीतून ५० हर्ट्झचा करंट फिरतो. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरी राहिली तर बॅलन्स्ड आउटपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि टीआरएस वायरी. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईलच, तो ऐकू नका, स्पीकरच्या आत काही बिघडलं तर धातूची पाठ हाताला करंट देईल. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आला तर वायरमनला बोलवा. आपल्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि भेगा पडतात, सोसायटीच्या खड्ड्यात पाणी घालायलाही कुणाच्या लक्षात येत नाही. घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर वीज गेल्यावर येणारी घरघर त्याचीच समजा. आणि कुणी अमेरिकेतून जोडी आणून देणार असेल तर मागे १००-२४० लिहिलंय का ते आधी बघा. नुसतं ११५ असेल तर आपल्या २३० वर पहिल्याच दिवशी धूर.

मोजमापासाठी आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हा प्रोग्राम फुकट आहे, मिनीडीएसपीचा यूमिक-१ माइक उसना मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर ४० ते १२० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या पायरीने साधे सूर वाजवा आणि कोणता घुमतो, कोणता बुडतो ते कागदावर लिहा. ५५ ला खोली भरून आली तर ईक्वलायझर एपीओ या विंडोजवरच्या ईक्यू प्रोग्राममध्ये ५६ वर सहा डीबी कापा, क्यू (आकडा मोठा तितका काप अरुंद) ५ पासून सुरुवात करा. फक्त शिखरं कापायची. बुडालेला सूर वाढवू नका, कारण तिथे थेट लाट आणि परतलेली लाट एकमेकींना खातात. तुम्ही एक वाढवली की दुसरीही वाढते, आणि सहा डीबीसाठी अॅम्पला चौपट ताकद लावावी लागते. प्लेअर एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये किंवा एएसआयओवर (विंडोजच्या मिक्सरला बगल देणारे मार्ग) असेल तर एपीओ लागूच होत नाही. ईक्यूचा काही फरक कळत नाही म्हणणारे बहुतेक इथे अडकलेले असतात.

कानाने तपासायला तानपुऱ्यासारखी गोष्ट नाही, आणि मिरजेच्या इतक्या जवळ राहून ती वापरली नाही तर काय (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं). फोनवरचा तानपुरा मोनोमध्ये दोन्ही स्पीकरवर लावा, डोळे मिटा. तो बरोबर मधून, एका ठिकाणाहून यायला हवा. खर्जाची तार मधे आणि जवारीचा झंकार मात्र खिडकीकडे सरकलेला वाटला तर त्या बाजूची काच आवाज परतवते आहे, जाड पडदा ओढा. सगळाच तानपुरा एका बाजूला झुकला तर दोन्ही स्पीकरचे मागचे व्हॉल्यूम सारखे नाहीत किंवा एकाचं तोंड जास्त आत वळलंय. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी) पुरुषी तानपुऱ्यात खर्ज ६९ हर्ट्झवर असतो. सहा इंची वूफर तो आरामात देतो, चार इंची टेबल स्पीकर त्याच्या वरच्या सुरांवरच काम भागवतात. म्हणून एडिफायरच्या चार इंची जोडीवर समाधान मानू नका असं सांगतोय.

आवाज किती ठेवायचा? फोनच्या डेसिबल अॅपवर कानाशी सरासरी ७५ पुरे. हेडफोन सोडल्यावर पहिला आठवडा आवाज वाढवावासा वाटतो, कारण गाणं डोक्यातून निघून समोर गेलेलं असतं. रात्री दहानंतर बेस स्लॅबमधून खालच्या घरात जातो, तेव्हा पुन्हा एचडी ६५० आहेच. सबवूफरचा विचार सहा महिने बाजूला ठेवा.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून डबा लांब ठेवा, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) फुगतो. पोर्टमध्ये झुरळं आणि पाली शिरतात, वापरात नसताना कापडाचा बोळा बसवा आणि वाजवायच्या आधी काढायचं लक्षात ठेवा. चालू करताना आधी डॅक, मग स्पीकर, बंद करताना उलट, म्हणजे 'धप्प' होणार नाही. सेकंडहँड घेत असाल तर वूफरची कडा रबराची आहे ना ते बोटाने दाबून बघा, जुन्या स्पीकरांच्या फोमच्या कडा हातात चुरा होऊन येतात. ऑनलाइन मागवलेत तर खोका आणि आतले थर्माकोलचे साचे परतीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर टाका, एका स्पीकरची सळसळ दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त निघाली तर तो बदलून घेता येतो.