आधी तीन बॉल

प्रिय मुली,

रात्री साडेअकराला टाकलेला तुझा मेसेज मी सकाळी चहाबरोबर वाचला. पूलमधला एट-बॉल, म्हणजे शेवटी घालायचा काळा, पॉकेटमध्ये गेला, मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्या मागोमाग तू मारलेला पांढराही जाऊन पडला. मॅच गेली. मग ओळीने रडके चेहरे आणि खाली प्रश्न: ‘काका, मला हा गेम आवडतो की नुसती तिथली गँग आवडते? पूल सोडून स्नूकर धरू का? की सगळंच सोडून सबमिशनकडे बघू?’

सबमिशनचं तू बघून घेशील, तेवढी तू शहाणी आहेस. बाकीच्याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे आणि ते तुला आवडणार नाही. पूलही नको, स्नूकरही नको. आधी तीन बॉल. बिलियर्ड्स.

हसू नकोस. ज्या शॉटवर तू रडलीस, त्याला बिलियर्ड्समध्ये इन-ऑफ म्हणतात आणि त्याचे पॉइंट मिळतात. लालला लागून तुझा बॉल पॉकेटमध्ये गेला तर ३, समोरच्याच्या बॉलला लागून गेला तर २. तुमच्याकडे जो फाऊल, ती आमची रोजची कमाई. म्हणजे तुझ्या हातून जे झालं ते वाईट नव्हतं, फक्त तुला न विचारता झालं. दुखणं इथे आहे. एट-बॉलकडे तू डोळे फाडून बघत होतीस आणि पांढरा कुठे चाललाय याचा तुला पत्ताच नव्हता. आणि हे तू एकटीच करत नाहीस, त्या पार्लरमधलं प्रत्येक पोर करतं.

पूलमध्ये टेबल भेळेच्या पुड्यासारखं रिकामं होत जातं. जितके बॉल आत, तितकं काम सोपं, आणि शेवटचा गेला की खेळ संपला. बिलियर्ड्समध्ये काहीच संपत नाही. लाल आत घातलास की तो परत स्पॉटवर, त्याच्या ठरलेल्या खुणेवर, येऊन बसतो. इन-ऑफ झालं की तुझा बॉल हातात येतो, तो ‘डी’मध्ये, टेबलाच्या एका टोकाच्या अर्धगोलात, ठेवून पुन्हा सुरू. टेबलावर एक पांढरा, एक पिवळा (एक तुझा, एक समोरच्याचा), एक लाल, आणि तिघांचीही जबाबदारी तुझी. पॉट केलास, म्हणजे दुसरा बॉल पॉकेटमध्ये घातलास, तर आपला बॉल कुठे थांबला ते बघायचं, इन-ऑफ केलंस तर लाल कुठे थांबला ते बघायचं, कॅनन केलीस, म्हणजे आपला बॉल एका फटक्यात उरलेल्या दोघांनाही लावलास, तर तिन्ही. लपायला जागा नाही. स्नूकरमध्ये पंधरा लाल पसरलेले असतात, एक नाही तर दुसरा सापडतो, आणि नशिबाने सापडलेल्या बॉलला पोरं ‘पोझिशन’ म्हणतात. म्हणून म्हणतो, आधी तीन बॉल.

आता तुझा गँगचा प्रश्न. अगं, खेळासाठी म्हणून या खेळाकडे कुणीच येत नाही. मी तरी कुठे आलो होतो? डेक्कनवरच्या एका क्लबात वडील संध्याकाळी ब्रिज खेळायला बसायचे. अठरा पूर्ण झाल्याशिवाय बिलियर्ड रूममध्ये पाऊल टाकायचं नाही, असा नियम. मी दाराच्या काचेला नाक लावून उभा. आत सगळा अंधार आणि टेबलावर तेवढा लांबलचक शेडचा हिरवा-पिवळा उजेड. मोठी माणसं त्या उजेडात वाकायची आणि पुन्हा अंधारात जायची. मला त्या खोलीत जायचं होतं, बस. खेळ कुठला चाललाय तेसुद्धा माहीत नव्हतं. तुम्ही लोक एफसी रोडला जाता ते लेक्चर बुडवून, बाहेर पाऊस आणि आत एसी म्हणून, आणि हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे या गमतीसाठी. काय वाईट आहे त्यात? येण्याचं कारण कुणी विचारू नये.

राहण्याचं कारण मात्र वेगळं असतं. लालला अर्धा बॉल, म्हणजे त्याच्या कडेवर रोख धरून, मारताना मी म्हणालो होतो की तो वरच्या कुशनला लागून मधल्या पॉकेटांच्या जरा खाली येईल. तो खरंच तिथे आला. कुणी टाळी वाजवली नाही, कारण बघणाऱ्याला त्यात काही दिसतच नाही. मला दिसलं. त्या संध्याकाळी मी घरी जेवायला उशिरा पोचलो आणि बोलणी खाल्ली. हे तुला अजून झालेलं नाही, म्हणून तू मला विचारतेयस की आवडतं की नाही. पूल खेळत राहिलीस तर व्हायला फार वेळ लागेल, कारण बॉल आत गेल्याच्या आवाजात ते ऐकूच येत नाही.

आम्हाला शिकवलं ते मार्करने. कोच वगैरे प्रकार नव्हता. मार्कर म्हणजे स्कोअर लिहिणारा, बॉल स्पॉटवर ठेवणारा, टेबलाला ब्रश मारणारा माणूस, आणि मेंबरांपेक्षा चांगला खेळणारा. पावसाळ्यात दुपारी तो टेबलाला इस्त्री करायचा. हे तू पाहिलं नसशील. आधी ब्रश, बॉकपासून, म्हणजे ‘डी’च्या टोकापासून, समोरच्या काळ्या स्पॉटच्या दिशेने, कारण कापडाची लव त्याच दिशेची. मग जड लांबट इस्त्री आधी वर्तमानपत्रावर टेकवून बघायची. कागद पिवळा पडला तर थांबायचं. मग तिकडच्याच दिशेने सरळ ओढायची, कुठेही थांबवायची नाही, उलटी तर कधीच फिरवायची नाही. गरम लोकरीचा वास खोलीभर. इस्त्रीआधी ओलसर कापडावर बॉल गाळात चालल्यासारखा चालायचा, नंतर तोच फटका हातभर जास्त जायचा. मार्कर आम्हाला मुद्दाम दोन्ही वेळा खेळायला लावायचा. तुमच्या पार्लरमध्ये बारा महिने एसी, टेबल सारखंच. सोय चांगली, पण हात आंधळा राहतो.

मी त्याच्याकडून टेबलाच्या वरच्या टोकाचा खेळ शिकायचा राहिलो. लाल स्पॉटवर आणि तिन्ही बॉल जवळजवळ ठेवून पॉट, कॅनन, पॉट, कॅनन. तो म्हणायचा, आठला ये, दाखवतो. मी आठला घरी जायचो. मग नोकरी नाशिकला, आणि मी परत आलो तेव्हा तो गावाला निघून गेला होता. आपल्या गीत सेठींनी १९९२च्या जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स स्पर्धेत १२७६ चा ब्रेक केला, म्हणजे एका पाळीत तेवढे पॉइंट, ही बातमी वाचली, तेव्हा मला सेठींच्या आधी आमचा मार्कर आठवला. असो.

परत आलो तर क्लबात सगळे स्नूकर खेळत होते. टीव्हीवर स्नूकर दिसत होतं, तरुण पोरांना १४७, म्हणजे स्नूकरमधला सर्वात मोठा ब्रेक, तोंडपाठ. मित्र म्हणाले, तूही धर, तुझा हात आहे, नाव होईल. मी धरलं नाही. त्यावरून आजही लोक बोलतात की हा हटवादीपणाने मागे राहिला, राज्य स्पर्धेच्या पुढे गेला नाही. साफ खोटं. मी पुढे गेलो नाही कारण माझा लांबचा पॉट कच्चा होता आणि तो स्नूकरमध्येही कच्चाच राहिला असता. सकाळी रिकाम्या खोलीत एकटा तीन बॉल मांडून खेळलो, त्यात माझं काय गेलं? हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी क्यू, खेळायची काठी, कधीच माळ्यावर टाकलाय. मी अजून खेळतो. पाठ दुखते, पण खेळतो.

तू लगेच म्हणशील, जुनं ते सोनं म्हणणारा आणखी एक म्हातारा. मग ऐक. विल्सन जोन्स इथले, १९२२ साली पुण्यात जन्मलेले. १९५८ साली कलकत्त्यात त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्स जिंकलं आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकलं. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातला पहिला जगज्जेता पुण्याचा, आणि तोही तीन बॉलचा. किती पुणेकरांना माहीत आहे? तुझ्या गँगला विचार. आणि तुमचं स्नूकर तरी कुठून आलं? १८७५ साली जबलपूरला ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी बिलियर्ड्सच्याच टेबलावर रंगीत बॉल वाढवून ते सुरू केलं. ती माणसं आधी बिलियर्ड्स खेळत होती, एवढंच मी म्हणतोय.

बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींतला जगज्जेता पंकज अडवाणी, त्याचं नाव तू काढणार हेही मला माहीत आहे. त्याचाही जन्म पुण्याचा, १९८५चा, वाढला बंगळूरला. त्याचं पहिलं जागतिक विजेतेपद २००३ साली आलं, आणि ते स्नूकरचं होतं. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं, कबूल. पण तो स्नूकरच्या व्यावसायिक सर्किटवर दोन वर्षं खेळून परत आला आणि त्याने बिलियर्ड्स सोडलं नाही. का सोडलं नाही याचा विचार तू कर. मी केलाय आणि माझं मत बदललेलं नाही.

आणि हो, ‘तिकडे मुलीच नसतात’ हे कारण मला सांगू नकोस. अरांत्झा सँचिस पुण्याचीच, भारताकडून खेळली.

काय करायचं ते आता नीट वाच. बिलियर्ड्सचं टेबल शोधत हिंडू नकोस, स्नूकरचं बारा फुटी टेबल तेच. पार्लरमध्ये सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा चिटपाखरू नसतं. स्नूकरच्या पेटीतला पांढरा, पिवळा आणि एक लाल काढ, बाकीचे आत ठेव. काउंटरवरचा मुलगा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

सुरुवातीला पिवळाही बाजूला ठेव. लाल टेबलाच्या बरोबर मधल्या स्पॉटवर. पांढरा बॉक लाइनवर, म्हणजे ‘डी’च्या सरळ रेषेवर, तिच्या मधल्या ब्राऊन स्पॉटच्या टीचभर डावीकडे. आता पांढऱ्याचा मध्य लालच्या डाव्या कडेवर रोख. अर्धा बॉल म्हणतात तो हाच. साइड नको, स्क्रू नको (बाजूची किंवा उलटी फिरकी नको), मध्याच्या किंचित वर, सरळ आणि सावकाश. पांढरा वरच्या डाव्या पॉकेटमध्ये गेला पाहिजे. नाही गेला तर पांढरा बोटभर सरकव, पण रोख बदलू नकोस. अर्ध्या बॉलची मेहरबानी अशी की रोख केसभर चुकला तरी पांढरा जवळपास त्याच वाटेने जातो, आणि म्हणूनच नवशिक्यांना तो आधी देतात. मग पांढऱ्याकडे बघायचं बंद कर आणि लालकडे बघ. तो उजव्या कुशनला लागून, वर जाऊन, फिरून कुठे थांबतो? पुढचा शॉट तिथून आहे. फटका हळू केलास तर कुठे, जोरात केलास तर कुठे, वहीत लिही. फोनमध्ये नको, वहीत.

तो ऑनलाइन मागवलेला कार्बनचा क्यू सध्या घरी ठेव. पूलच्या क्यूची टिप जाड असते आणि स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पूलच्यापेक्षा लहान. पार्लरमधला त्यातल्या त्यात सरळ क्यू घे. टेबलावर लोळवून बघ, डुगडुगला तर दुसरा.

महिनाभर हे कर आणि मग रविवारी सकाळी नऊला क्लबात ये, पाहुणी म्हणून मी नाव लिहून ठेवतो. बूट घालून ये, चपलांवर आत सोडत नाहीत. शंभर पॉइंटांची गेम खेळू. पाहुणीची फी मी भरीन, टेबलाचे पैसे मात्र हरेल त्याने द्यायचे, तुमच्या पार्लरसारखेच.

तुझा,
काका

ता. क. : वही आणायला विसरू नकोस. वही नसेल तर मी खेळणार नाही.