बाईच्या पुतळीच्या हातात झुलणारं जुनं घड्याळ बंद पडलंय. सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन बसवावं का? विकलं तर किती येतील?

नका बसवू. हात जोडून सांगतो.

आमच्या अमळनेरच्या घरात असंच एक आहे. पुतळीने उजवा हात वर केलेला, त्यावर तबकडी आणि लोलकासकट अख्खं घड्याळ झुलतं. आजोबांनी कापसाच्या दलालीच्या पैशातून मुंबईहून आणलेलं. तबकडीवर आठ टोकांचा तारा, म्हणजे युंगहान्स कंपनीचं, जर्मनीतल्या श्रामबर्गचं. लहानपणी आम्ही भावंडं तासन्‌तास बघत बसायचो, की पुतळी हलत नाही, तार नाही, मग हे झुलतं कशानं?

ते मला कळलं घड्याळ बिघडल्यावर. २०११ साली ते बंद पडलं आणि मोठ्या भावाने जळगावला एका दुकानात दिलं. आठ दिवसांनी परत आलं तर आत सेल. काटे फिरतात, पण घड्याळ जागच्या जागी लटकलेलं. भाऊ म्हणाला, "टाइम दखाडस ना, मंग आखो काय जोयजे?" (वेळ दाखवतं ना, मग आणखी काय पाहिजे?) मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तबकडीमागच्या डब्यात मशीनला एक छोटा लोलक असतो. मशीन फक्त त्याला ढकलतं. तो एका बाजूला गेला की त्याच्या प्रतिक्रियेने बाहेरचं सगळं घड्याळ दुसऱ्या बाजूला झुकतं. दुकानदाराने तो छोटा लोलकच काढून टाकला होता. मी जाऊन त्याच्या भंगाराच्या डब्यातून जुनं मशीन शोधून आणलं. भुसावळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी तीन महिने घेतले. म्हणाले, मशीनला काही झालंच नव्हतं, आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तेल आटून गोंद झालं होतं, वर कापसाची तूस. साफ केलं, तेल दिलं, झुलायला लागलं.

म्हणून आधी साफ करून घ्या. त्याच्याही आधी टेबल समपातळीत आहे का बघा. हातावरच्या ज्या दोन टोकांवर ते टेकतं, ती झिजली असतील किंवा जागा जरा कलती असेल, तर चार झोके घेऊन थांबतं. पंख्याखाली ठेवू नका.

किंमत मशीन मूळचं आहे का आणि पुतळी जुनी आहे का यावर ठरते. पुतळी तळाशी, कुठे दिसणार नाही अशा जागी, किंचित खरवडून बघा. आत राखाडी जस्त निघालं तर जुनी असण्याची आशा आहे. पिवळंजर्द पितळ निघालं तर बहुधा नंतरची नक्कल, तशा बाजारात ढिगाने आहेत. जस्ताची नक्कलही असते, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. आणि तुमच्यात पहिल्यापासूनच सेलचं मशीन असेल, तर माझं वरचं सगळं सोडा, खुशाल नवं बसवा.

पण चावीचं असेल तर झुलणं हेच ते घड्याळ आहे. वेळ तर मोबाइलमध्येही दिसते, हे मी भावाला तेव्हाच सांगितलं होतं. परवा दिवाळीला तो नातवाला मांडीवर घेऊन अर्धा तास त्याच्यासमोर बसला होता.