मका की पाइन? माळावर काय लावायचं ते विचारणाऱ्या वाचकांना उत्तरं

प्रश्न (खानापूर तालुका, जांबोटी भाग): नमस्कार सर. आमच्यात दोन एकर लाल मातीचा माळ हाय, उताराचा. पाऊस बक्कळ पण दिवाळीनंतर पाणी नाही. आधी नाचणा करत होतो, गेल्या पावसाळ्यात मका केला तर निम्मा पिवळा पडला आणि उरलेला डुकरांनी आडवा केला. मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतोय पाइनची झाडं लावून सोडा, ना पाणी ना खत, लाकडाचे पैसे मिळतात. लावू काय?

उत्तर: दादा, मुलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पाइनला मक्यासारखं खत लागत नाही, भांगलण पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर नाही, आणि हलक्या आंबट जमिनीत सुद्धा ते वाढतं. पण दोन एकरवाल्या माणसानं ते लावावं असं मला बिलकुल वाटत नाही, का ते सांगतो.

आपल्या देशात जे पाइन जास्त दिसतं ते चीड, हिमालयाच्या उतारावरचं, साधारण ४५० ते २३०० मीटर उंचीवर. आपला बेळगाव भाग साडेसातशे मीटरच्या आसपास आहे म्हणजे आकड्यात बसतो, पण तिथला हिवाळा आपल्याकडं नाही. कोडाईकनाल-उटीला पाइनची बनं आहेत ती माणसांनी लावलेली आहेत आणि ती गावं दोन हजार मीटरच्या वर आहेत. झाड इथं जगणारच नाही असं मी म्हणत नाही, उष्ण भागात वाढणाऱ्या पाइनच्या जाती पण आहेत. फक्त पाइनच्या मुळांवर एक बुरशी वस्तीला असावी लागते, मायकोरायझा, ती मातीतला फॉस्फरस ओढून झाडाला देते, आणि जिथं पूर्वी कधी पाइन नव्हतं तिथल्या मातीत ती नसते. बाहेरच्या बऱ्याच देशांत सुरुवातीच्या लागणी म्हणूनच खुरटल्या, मग जुन्या पाइनबनातली माती आणून रोपांना घातली तेव्हा कुठं झाडं उठली. पाइन लावा म्हणणाऱ्या व्हिडिओत हे कोण सांगत नाही.

आता वेळेचा हिशोब बघा. मका १०० ते १२० दिवसांत घरात येतो. न्यूझीलंडमध्ये जिथं पाइनला सगळं मनासारखं मिळतं तिथं सुद्धा झाड तोडायला २५ ते ३० वर्षं जातात, आपल्या चीडला त्याहून जास्त. डिंकासाठी खाचा मारायच्या म्हटलं तरी खोडाचा घेर ९० सेंटीमीटरच्या आसपास व्हावा लागतो. मक्याची ६० बाय २० सेंटीमीटरवर एकरी तेहतीस हजारांवर रोपं बसतात, पाइन तीन बाय तीन मीटरवर लावलं तर एकरी साडेचारशे. म्हणजे एक हंगाम चुकला तर मक्यात पुढच्या जूनला दुरुस्ती करता येते, पाइनमध्ये चूक कळायलाच दहा वर्षं जातील आणि तोवर जमीन अडकलेली.

अजून एक मोठी भीती आगीची. पाइनच्या वाळलेल्या सुयांत तेल-डिंक असतो, त्या खाली थर करून पडतात, लवकर कुजत नाहीत. उत्तराखंडात दर उन्हाळ्यात वणवे लागतात त्यात ह्या सुयांचा मोठा हात आहे. तुमच्या बाजूला भीमगड अभयारण्याचं रान आहे, फेब्रुवारी-मार्चनंतर तिथं गवत कसं वाळतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

मका का पिवळा पडला ते पण बघू कारण तिथं उपाय आहे. मक्याला पाणी लागतं, पूर्ण पिकाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर, पण मुळांशी पाणी साठलेलं त्याला दोन दिवस पण सोसत नाही, आणि तुमच्याकडं जुलैमध्ये जो पाऊस कोसळतो त्यात युरिया धुऊन जातो. सपाट पेरू नका, सरी-वरंब्यावर टोकणा, उताराला आडव्या सऱ्या आणि कडेनं चर. हायब्रीड मका खादाड असतो, एकरी साठेक किलो नत्र लागतं, ते एकदम टाकायचं नाही. पेरताना थोडं, गुडघाभर झाल्यावर, आणि तुरा यायच्या आधी असे तीन हप्ते करा. पानावर शिरांच्या मध्ये पांढरे पट्टे दिसले तर जस्त कमी आहे, पेरणीला एकरी दहा किलो झिंक सल्फेट द्या. पोंग्यात, म्हणजे मधल्या न उलगडलेल्या पानांत, भुसा दिसला की लगेच लक्ष द्या, ती लष्करी अळी. भारतात ती पहिल्यांदा २०१८ ला आपल्या कर्नाटकातच सापडली, आणि एकदा पोंग्यात खोल गेली की फवारणी पोचत नाही.

डुकरांचं मात्र माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. रानाच्या कडेला एकट्याचाच मका असेल तर तो राहत नाही, शेजारच्या चार जणांनी मिळून पेरला आणि पाळीनं राखण केली तरच निभतं. त्यामुळं मी तुमच्या जागी असतो तर वरच्या उतारावर काजूची कलमं लावली असती. तुमच्या लाल मातीला आणि पावसाला काजू मानवतो, कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायला लागतं. मधल्या मोकळ्या जागेत सुरुवातीची वर्षं नाचणा घ्यायचा, मका फक्त घराजवळच्या तुकड्यात. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन माती तपासून घ्या, मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात पण विचारा. आणि कुठलंही लाकडाचं झाड लावायच्या आधी तोडायचे नियम वन खात्यात विचारून ठेवा, कर्नाटकचा १९७६ चा वृक्ष कायदा खाजगी जमिनीवरच्या झाडांना पण लागू आहे, काही जातींना सूट आहे.

नर्सरीत पाइन म्हणून सुरूचं रोप देतात, ते पण तपासा. चीडच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात असतात. सुरूची हिरवी काडी ओढली तर सांध्यासांध्यावर तुटते. सुरू वाईट नाही, खांबासाठी चार-पाच वर्षांत विकता येतं, पण ते पाइन नव्हे.

प्रश्न (निपाणी, नववीतली विद्यार्थिनी): काका, शाळेत मका आणि पाइन यांची तुलना करायचा प्रोजेक्ट आहे. एक गवत आणि एक झाड, यात सारखं काय लिहू?

उत्तर: बाळ, सारखं एक फार सुंदर आहे, दोघांचंही लग्न वारा लावतो. दोघांनाही मधमाशी लागत नाही, आणि दोघांतही नर भाग वेगळा, मादी भाग वेगळा, पण एकाच झाडावर. मक्याचा तुरा नर, कणसाचे केस मादी, आणि प्रत्येक केस एका दाण्याचा असतो. परागकण ज्या केसावर पडला नाही तो दाणा भरत नाही, फट दिसते. म्हणून परसात मका लावायचा तर एका लांब ओळीत न लावता चार-पाच आखूड ओळी जवळजवळ लावायच्या. तुझ्या शेजारी कुणाचं शेत असेल तर फटीवालं कणीस मागून घे आणि प्रोजेक्टला तेच चिकटव, चित्रापेक्षा ते भारी दिसेल.

फरक असा लिही. मका ज्वारी आणि उसाच्या घराण्यातला, त्याला फूल येतं आणि दाणा हेच फळ. पाइनला फूल-फळ नाहीच, बी उघडं, शंकूच्या खवल्यांमध्ये बसलेलं, आणि तो शंकू पिकायला बहुतेक जातींत दोन वर्षं जातात. पाइनच्या बहुतेक जातींच्या बीला पंख असतो, वाऱ्यावर जाऊन ते आपोआप रुजतं. मक्याचं कणीस पाल्यात इतकं घट्ट बांधलेलं असतं की माणसानं सोलून पेरल्याशिवाय त्याची पुढची पिढी होणं अवघड. मेक्सिकोत साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी लोकांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातनं निवडून निवडून मका घडवला, त्याची ही किंमत. हे वाक्य नक्की लिही.

प्रश्न (बेळगाव, उद्यमबाग): आमचा पार्ट्स पॅकिंगच्या पेट्यांचा छोटा धंदा आहे. गिऱ्हाईक पाइनचीच पेटी मागतंय, पाइन महाग पडतंय. आंबा किंवा सिल्व्हर ओक चालणार नाही का?

उत्तर: देशातल्या देशात माल जात असेल तर खुशाल वापरा, फक्त लाकूड वाळलेलं पायजे, नाहीतर ओलीनं पार्टला गंज धरतो. पाइन मागतात कारण ते हलकं, सरळ रेषेचं, खिळा मारताना कमी फुटतं आणि कांडला बंदरात येणारं न्यूझीलंडचं लाकूड एकसारखं मिळतं. एक्स्पोर्टला मात्र जात महत्त्वाची नाही, लाकडातली कीड मारायची ट्रीटमेंट महत्त्वाची. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्री तापमान सलग ३० मिनिटं, आणि मान्यता असलेल्याकडनंच शिक्का. आंब्याच्या फळीला पण तो मिळतो. प्लायवूडच्या पेटीला ह्या नियमातनं सूट आहे, ते एकदा गिऱ्हाइकाशी बोलून बघा.

प्रश्न (हुक्केरी तालुका): चार म्हशी आहेत. मका विकावा का मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) करावा? भावाचं काय खरं नाही असं सगळे म्हणतात.

उत्तर: ताई, भावाबद्दल तुमचं बरोबर आहे. डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधन आणलं तेव्हा इथेनॉलसाठी मक्याला मागणी चढली, कोंबडी खाद्य आणि स्टार्चवाले तर आधीपासून घेतातच. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, पण आवक वाढली की बाजार त्याच्या खाली जातो आणि ओला मका घेऊन गेलात तर अजून कापतात. दाणा विकायचाच असेल तर ओल १४ टक्क्यांपर्यंत उतरू दे, नाहीतर बुरशी लागते, आणि बुरशीचा मका म्हशीला सुद्धा घालू नका, त्यातलं विष दुधात उतरतं.

चार म्हशी घरच्या असताना मी अर्ध्या एकराचा तरी मुरघास करा असंच म्हणेन. दाण्यात चीक घट्ट व्हायला लागला की, साधारण ७५ ते ८५ दिवसांत, तोडा. फार कोवळा तोडला तर पाणी गळून आंबट चिखल होतो, फार वाळवला तर दाबला जात नाही आणि आत हवा राहते. पाऊण इंचाचे तुकडे, थर दाबून दाबून, वरनं प्लास्टिक आणि माती, आणि ४५ दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर रोज एका बाजूनंच काढा, काढलं की लगेच झाका. पहिल्या आठवड्यात म्हशीला दोन-तीन किलोपासून सुरू करून हळूहळू वाढवा, सोबत वाळकी वैरण ठेवा.