सुरुंग शोधताना मेटल डिटेक्टर आपोआप वाजतो, मग तो चालवण्याचे प्रशिक्षण कशासाठी?

कारण यंत्र मातीमुळेही वाजते. आपल्या सोलापूरची काळी माती बेसॉल्ट झिजून बनलेली असल्याने तिच्यात चुंबकीय कण असतात. अशा जमिनीवर आधी यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. उलट, एम-१४ हा ५६ मिलिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा सुरुंग घेतला, तर त्यात धातू म्हणजे जवळजवळ एक बारीक पोलादी पिनच, आणि तिचा क्षीण आवाज ओळखायला कान तयार व्हावा लागतो.

म्हणून सरावाच्या पट्ट्यात निकामी नमुने पुरतात. यंत्राची तबकडी जमिनीलगत, सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत फिरवायची. हात थकला की तबकडी उचलली जाते आणि खोलवरचा सुरुंग सुटतो, त्यामुळे प्रशिक्षकाने सर्वाधिक लक्ष इथेच द्यावे, असे माझे ठाम मत आहे. रोज काम सुरू करण्यापूर्वी ठरलेल्या नमुन्यावर यंत्र तपासणेही अनिवार्य असते.