शाळेचा सर्व्हर चालू नेटवर्कमध्ये बसवायचा, तर त्याला राउटर होऊ देऊ नका

तुमची अडचण मला समजली तशी आधी मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. शाळेत नेटवर्क आधीपासून आहे. राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक मशिनची ओळख सांगणारे आकडे) वाटतो, नको त्या साइट अडवण्याचं कामही तोच करतो, त्याच्याखाली दोन स्विच आणि वाय-फाय देणारे चार ॲक्सेस पॉइंट आहेत. मुलांना एकमेकांच्या कामात सामील होता यावं म्हणून तुम्ही एका जुन्या डेस्कटॉपवर शाळेचा सर्व्हर बसवला, सूचनांप्रमाणे त्याला दोन नेटवर्क कार्डं लावली आणि मुलांच्या बाजूचं कार्ड स्विचला जोडलं. तेव्हापासून संगणकवर्गातल्या काही मशिनवर इंटरनेट चालतं, काहींवर नाही, आणि दुसऱ्या दिवशी बिघडलेली मशिन वेगळीच असतात. राउटर काढून त्याच्या जागी सर्व्हरच ठेवावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

ठेवू नका. सर्व्हरची केबल आत्ता काढून ठेवा आणि बिघडलेल्या एका मशिनवर कमांड विंडो उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' चालवा. त्यात 'डीएचसीपी सर्व्हर' नावाची एक ओळ असते (डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याची सेवा), ती बघा. तिथे राउटरचा १९२.१६८.१.१ दिसायला हवा. तुम्हाला बहुधा १७२.१८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल, म्हणजे तुमच्या सर्व्हरचा. दुखणं एवढंच आहे.

होतं असं, की नेटवर्कवर नवं आलेलं मशिन 'कोणी पत्ता देतं का' अशी हाक सगळीकडे मारतं. तुमच्याकडे आता उत्तर देणारे दोघं झाले. ज्याचं उत्तर आधी पोचलं, त्याचा पत्ता मशिन साधारणपणे घेतं. राउटरने दिला तर सगळं ठीक. सर्व्हरने दिला तर इंटरनेटची वाट म्हणून सर्व्हर स्वतःचाच पत्ता सांगतो, आणि त्याच्या दुसऱ्या कार्डाला केबलच नसल्यामुळे पुढे रस्ता नाही. रोज वेगळी मशिन बंद पडतात ती यामुळे. ही शर्यत रोज नव्याने लागते.

यातली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. सर्व्हर काढला तरी बिघडलेली मशिन लगेच सुधारत नाहीत. मिळालेला पत्ता ठरावीक मुदतीचा असतो, आणि मुदत निम्मी होईपर्यंत मशिन कोणाला काही विचारत नाही. निम्मी झाली की आधी ज्याने पत्ता दिला त्यालाच विचारतं. त्यामुळे 'सर्व्हर काढला तरी तेच, म्हणजे दोष दुसरीकडे आहे' असं वाटतं आणि माणूस केबली बदलत बसतो. एका शाळेत आमची अख्खी दुपार यात गेली होती. तिथे सर्व्हर नव्हताच, एका शिक्षकांनी वर्गात वाय-फाय यावं म्हणून घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला होता आणि संध्याकाळी परत नेला होता. म्हणून प्रत्येक मशिनवर पत्ता सोडून नवा मागा: 'आयपीकॉन्फिग /रिलीज', मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू'.

आता मुळाशी येऊ. दोन कार्डांची मांडणी चुकीची नाही, ती वेगळ्या शाळेसाठी आहे. एक्सओ या शाळकरी मुलांसाठीच्या स्वस्त लॅपटॉपसाठी हे सर्व्हर पहिल्यांदा तयार झाले तेव्हा जिथे काहीच नेटवर्क नाही अशी शाळा डोळ्यांसमोर होती. तिथे पत्ते वाटणं, नावावरून पत्ता शोधून देणं, इंटरनेट वाटून देणं हे सगळं एकाच पेटीने करणं सोयीचंच होतं. तुमच्याकडे ही कामं करणारा आधीच हजर आहे. तुमच्या सर्व्हरने तिथे पाहुण्यासारखं यावं: एक केबल, एक कायमचा पत्ता, एक नाव. बाकी काही मागू नये आणि काही वाटू नये. एक्सएससीई या शाळेच्या सर्व्हरच्या प्रणालीत आणि त्यातून पुढे आलेल्या इंटरनेट-इन-अ-बॉक्समध्ये या मांडणीला 'अप्लायन्स' म्हणतात. तुमची प्रणाली दुसरी असेल तर डीएचसीपी आणि नॅट (एका पत्त्यामागून अनेक मशिनना इंटरनेट देणारी) या दोन सेवा हाताने बंद करा, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर त्या आपोआप उठत नाहीत ना, हे मुद्दाम तपासा.

सर्व्हर राउटर आणि मुलं यांच्या मध्ये बसवला तर काय बिघडतं तेही सांगते, कारण 'दुसऱ्या कार्डालाही केबल लावा, इंटरनेट चालेल' असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. इंटरनेट चालेल, खरं आहे. पण मग मुलांची सगळी मशिन राउटरला एकाच पत्त्यामागे दिसतील. साइट अडवण्याच्या नोंदीत कोणत्या मशिनवरून काय उघडलं हे कळणार नाही. शिक्षकांच्या खोलीतून मुलांच्या मशिनपर्यंत पोचता येणार नाही. आणि जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क ज्या दिवशी जाईल त्या दिवशी मुलांचं एकत्र काम तर थांबेलच, पण वर्गाचं इंटरनेटही जाईल. मला हे शेवटचं सगळ्यात जास्त खटकतं. शिकवण्यासाठी आणलेल्या वस्तूने शिकवणं थांबवू नये.

तर पत्ता. राउटर कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते आधी बघा. तो २ पासून २५४ पर्यंत सगळेच वाटत असेल तर ते ५० ते २०० असं आवळा आणि सर्व्हरला त्याबाहेरचा एक द्या, समजा १९२.१६८.१.१०. देण्याआधी तो कोणी वापरत नाही ना ते बघा, पण नुसत्या पिंगवर, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघण्यावर, विसंबू नका. फायरवॉल असलेलं मशिन पिंगला उत्तर देत नाही. पिंग केल्यावर लगेच 'एआरपी -ए' चालवा. त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला तर तिथे कोणीतरी आहे, बहुतेक वेळा एखादा जुना प्रिंटर निघतो. राउटरमध्ये मॅक पत्ता नोंदवूनही पत्ता राखून ठेवता येतो, ते वाईट नाही. पण राउटर बदलला की ती नोंद जाते, म्हणून मी पत्ता सर्व्हरवरच पक्का करते आणि पेटीवर चिठ्ठी लावते.

नावाचं काम पत्त्यापेक्षा जास्त जपून करा. मुलांच्या मशिनवर आकडे लिहू नका. उद्या पत्ता बदलला तर साठ मशिनवर हात फिरवावा लागेल. नावाची नोंद राउटरच्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) करा, म्हणजे पाहुण्याचं नाव यजमानाच्या वहीत. नावाच्या शेवटी '.लोकल' लावू नका. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी (मशिननी डीएनएसला न विचारता आपसांतच नावं शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखीव आहे, काही मशिन त्यासाठी डीएनएसला विचारतच नाहीत, आणि मग एकाला सर्व्हर सापडतो, शेजारच्याला नाही. शाळेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याखालीच एक नाव घ्या. याचा मोठा फायदा असा, की सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा न करता, डोमेनमध्ये फक्त एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद टाकून लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं, ब्राउझरला मान्य असलेलं खरं प्रमाणपत्र मिळतं. मग मुलांना ब्राउझरचा इशारा डोळे झाकून पुढे ढकलायची सवय लागत नाही.

नाव नीट नोंदवूनही एखाद्याच ब्राउझरमध्ये ते उघडत नसेल, तर त्या ब्राउझरमधलं 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' बघा. ते चालू असेल तर ब्राउझर तुमच्या राउटरला न विचारता बाहेर विचारतो, आणि बाहेर हे नाव कोणाला माहीत नसतं. मशिनवर प्रॉक्सी (ब्राउझरच्या वतीने साइट आणून देणारा मध्यस्थ) लावलेला असेल तर सर्व्हरचं नाव त्याच्या अपवादांत घाला.

वाय-फायबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सर्व्हर हवा कशाला याचं उत्तर तिथेच आहे. शुगरमध्ये, म्हणजे मुलांच्या लॅपटॉपवरच्या शिकण्याच्या प्रणालीत, मुलं सर्व्हरशिवायही एकमेकांना दिसू शकतात, मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवून. पण वाय-फायवर मल्टिकास्ट अगदी कमी वेगाने जातं, त्यामुळे मशिन वाढली की हवा भरून जाते. शिवाय बऱ्याच शाळांच्या ॲक्सेस पॉइंटवर 'क्लायंट आयसोलेशन' चालू असतं. त्याने एक वायरलेस मशिन दुसऱ्याला दिसत नाही. सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे, बंद करू नका. सर्व्हर तारेवर असल्यामुळे मुलाचं मशिन सर्व्हरशी बोलतं, सर्व्हर दुसऱ्याशी बोलतो, आणि आयसोलेशन असूनही काम होतं. फक्त मुलांचं वाय-फाय 'गेस्ट' प्रकारचं नाही ना हे बघा. गेस्ट नेटवर्क बहुधा आतल्या सगळ्याच पत्त्यांना मज्जाव करतं, त्यात तुमचा सर्व्हरही आला.

मुलांच्या मशिनवर शुगरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क विभागात सर्व्हरचं नाव लिहायची जागा आहे, तिथे ते नाव टाका. सर्व्हरवर ईजॅबर्डी (मुलांमधले निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर) असेल तर मुलांकडून ५२२२ हा पोर्ट, म्हणजे त्या सेवेचं क्रमांकाचं दार, उघडा लागतो. ५२६९ दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे, तो बंद ठेवा. ५२८० वर बहुधा व्यवस्थापनाचं पान असतं, ते फक्त तुमच्या मशिनला दिसू द्या. आणि सगळ्या शाळेचा एकच गट करू नका. एकच गट असला की प्रत्येक जण आल्याची खबर बाकी सगळ्यांना जाते आणि सगळ्यांची त्याला येते. साठ मुलं तासाच्या सुरुवातीला एकदम आली तर ३,५४० निरोप होतात, तेही कोणी एक अक्षर लिहिण्याआधी. वर्गवार गट केले की सर्व्हरलाही झेपतं आणि मुलाला पडद्यावर आपल्याच वर्गातले दिसतात, जे त्याला हवं असतं.

घड्याळ विसरू नका. जुन्या लॅपटॉपची घड्याळाची बॅटरी गेलेली असते, तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, आणि मग प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' म्हणून जोडणीच होत नाही. पासवर्ड बदलून बघण्याआधी तारीख बघा.

तुमचे स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारे, असतील तर त्यांत 'डीएचसीपी स्नूपिंग' (पत्ते कोण वाटतं यावर नजर ठेवणं) चालू करा आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टबरोबरच (इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा) दोन स्विचना जोडणारे पोर्टही विश्वासाचे ठरवा, नाहीतर दुसऱ्या स्विचवरच्या मशिनना पत्तेच मिळणार नाहीत. हे केलंत की उद्या कोणी घरून राउटर आणून सॉकेटला लावला तरी त्याने वाटलेले पत्ते स्विच पुढे जाऊ देणार नाही.

हे सगळं सुट्टीच्या वेळी करा. आधी सर्व्हर आणि एक लॅपटॉप वेगळ्या छोट्या स्विचला लावा, लॅपटॉपवर पत्ता मागा, आणि तो मिळत *नाही* ही खात्री करा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बरोबर आहे, म्हणजे सर्व्हर काही वाटत नाही. मगच त्याची केबल शाळेच्या स्विचला लावा, दोन मशिनवरून एकाच कामात सामील होऊन बघा, त्यातलं एक वाय-फायवरचं घ्या. यात कुठे अडलात तर 'आयपीकॉन्फिग /ऑल'चा निकाल इथे टाका, एक चालणाऱ्या मशिनचा आणि एक न चालणाऱ्या. दोन्ही शेजारी ठेवले की बघता येईल.